वाट पाहणारी

“आणि आवस खंय होती?”

शमुवेलचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. आसपास कुणी नाही असं समजून तो समुद्रालाच प्रवचन देत होता. धुकं अजून पाण्यावर लोळत होतं. त्यातून खडकाळ खडपावर ओणवी बसलेली एक बाई हळूहळू उमटली. हातात कोयती, पुढ्यात कालवांची टोपली.

“कुणाची आई?” त्यानं विचारलं.

“त्या उधळ्या झिलाची. बापाशीन वाटो दिल्यान, झील परमुलखात गेलो, सगळा उडयल्यान, डुकरांत रवलो, मगे परत इलो. बापूस धावत गेलो. बरा झाला. पण आवस?”

“शास्त्रात त्या मुलाच्या आईचं नाव नाही, बाई.”

“नाव नाय म्हणान काय ती नाय होती?”

ती पुन्हा कालवं फोडू लागली.

वेंगुर्ल्याजवळच्या त्या छोट्या प्रार्थनाघरात तो नवा उपदेशक म्हणून आला होता. फोंडाघाट उतरताना त्याच्या मनात केवढी मोठी स्वप्नं होती! वर्गात शिकवलेलं सगळं त्याला पाठ होतं. वचन कसं निवडावं, मुद्दे कसे पाडावेत, दाखला कुठे द्यावा. पण पहिल्या रविवारी मंडळी पेंगली आणि दुसऱ्या रविवारी चक्क झोपली.

मंडळीतले वडील माणूस शलमोन मास्तर त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, “भाऊ, तुम्ही आम्हाला व्याकरण सांगता. काळीज हललं पाहिजे. या रविवारीही नाही हललं, तर लोक दुसरा माणूस मागतील. मी किती दिवस थोपवणार?”

“मग काय करू, मास्तर?”

“सगळ्यांना सांगू नका. एकाच माणसाला सांगा.”

त्या आठवड्यात शमुवेल रोज सकाळी ओहोटीला किनाऱ्यावर गेला आणि बाई रोज तिथे होती. तिचं नाव मथुरा. तो बोलायचा, लाटा त्याचे शब्द ओढून न्यायच्या, आणि उरायचं तेवढं ती ऐकायची. कधी त्याला वाटायचं, आपण हे सगळं झोपेत बघतो आहोत. धुकं, खडप, कोयतीची टकटक, आणि मधूनच तिचा तो आवाज.

“धावत गेल्लो बापूस झिलाक काय म्हणालो?”

“काही नाही. गळ्यात पडला.”

“मगे तू कित्याक इतक्या बोलतंस?”

त्या दिवशी त्यानं अर्धं प्रवचन काढून टाकलं.

एकदा त्यानंच विचारलं, “तुम्हाला मुलगा आहे?”

“आसा.”

“मुंबईला?”

“मुंबयक नाय. लांब होतो.” तिनं टोपली दुसऱ्या खडपावर ठेवली. “तुझी आवस?”

“पटकीत गेली. वडीलही. मला कुणीच आठवत नाही. बोर्डिंगातल्या बाईंनी सांगितलं तेवढंच.”

“बरा सांगल्यानी,” मथुरा म्हणाली, आणि टोपली उचलून निघून गेली.

शमुवेलला तिची फार दया आली. मुलगा घर सोडून गेलेला, ही इथे समुद्राकडे बघत बसलेली. त्याला त्याचा एक माणूस सापडला होता. प्रवचन हिलाच सांगायचं, असं त्यानं ठरवलं.

रविवारी प्रार्थनाघर भरलं होतं. मथुरा आत आली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. शमुवेलनं शास्त्र वाचलं, मिटलं आणि तिच्याकडे बघून बोलू लागला.

शास्त्रात नसलेल्या आईबद्दल तो बोलला. ती रोज एका माणसाचं जेवण जास्त रांधायची. कुणी विचारलं तर म्हणायची, चुकून जास्त झालं. मुलानं काय केलं, हे तिनं कधी विचारलंच नाही. कारण जो परत येतो, त्याला हिशेब विचारायचा नसतो. त्याला आधी घरात घ्यायचं असतं.

तो कधी थांबला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. समुद्र आत आल्यासारखा वाटत होता. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. शलमोन मास्तरांनी चष्मा काढला होता.

“आता तुम्ही आमचे,” बाहेर येताना मास्तर त्याचा हात धरून म्हणाले. “कुणाला सांगितलंत एवढं?”

शमुवेलनं अंगणाकडे बोट दाखवलं.

“तिला? ती इथली नव्हे. रेडीकडची आहे म्हणतात. तुम्ही आलात, त्याच सुमारास आली.”

मंडळी पांगली. मथुरा पायऱ्यांखाली उभी होती, उन्हात डोळे बारीक करून. शमुवेल वरच्या पायरीवर थांबला. आज त्याला कुणालाही काहीही द्यावंसं वाटत होतं.

“मथुराबाई,” तो म्हणाला, “धीर सोडू नका. तुमचा मुलगा एक दिवस नक्की परत येईल.”

तिनं मान हलवली.

“माझो झील खंय गेल्लोच नाय रे. तेका घाटार बोर्डिंगात धाडल्यानी, शमुवेल नाव दिल्यानी, सगळा माका ठावक होता. ह्याच पायरेर तान्ह्या पोराक ठेवन गेल्ली ती मी. आज परत इलंय.”