सोमवारचं मौन

खांदा कॉलनीतल्या गॅरेजात गाडी वर उचललेली होती. "आर्म वाकलाय, शॉकअपमधून तेल गळतंय. फूटपाथवर एवढ्या जोरात कशी काय आदळली, दादा?" मेकॅनिकने विचारलं.

"रिक्षा आडवी आली हो. मी हळूच होतो," स्वानंद म्हणाला. "आईला विचारा, शेजारीच बसली होती."

आईचं सोमवारी दिवेलागणीपर्यंत मौन असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शशिकलाबाईंच्या बोटांत जपमाळ नुसतीच फिरत होती. नाम केव्हाच सुटलं होतं.

"आजच्यापुरतं ठोकून सरळ करा. संध्याकाळी मित्रांबरोबर घाटात जायचंय."

"रिक्षा नव्हती. शंभरच्या वर पळवत होता हा," शशिकलाबाई म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे द्या, भाऊ."

"आई! मौन मोडलंस?"

"मौन काय, पुढच्या सोमवारी परत धरीन रे."