अकरा सेकंद

"अकरा सेकंद!" लेखकाने टेबलावर हात आपटला. "झाकण उघडल्यापासून पडदा उजळेपर्यंत चक्क अकरा सेकंद! तेवढ्यात माणसाच्या डोक्यातून काय काय निघून जातं, कल्पना आहे तुम्हाला?"

बायकोला कल्पना नव्हती. ती शाळेत गणित शिकवायची, आणि रविवारच्या सकाळी तिच्यापुढे कागदांचा हा एवढा गठ्ठा तपासायचा पडला होता. तिने मान वर न करता विचारलं, "घेऊन दीड वर्ष तरी झालं का याला?"

"चौदा महिने. लॅपटॉपच्या हिशेबात म्हातारपण आलं म्हणायचं."

घरात त्याला सगळे लेखकच म्हणत. आधी कौतुकाने म्हणत, हल्ली सवयीने. विमा कंपनीतून वर्षभराची बिनपगारी रजा काढून तो कादंबरी लिहायला बसला होता. प्रकाशकांनी दिलेली पहिली तारीख गेली, दुसरीही गेली. आता महिनाअखेरची तिसरी, आणि शेवटची. रजाही त्याच दिवशी संपत होती. मग पुन्हा तेच ऑफिस, तेच अपघातांचे दावे, आणि दुसरी रजा मागायला तोंड नाही. कादंबरी झाली तर आत्ता, नाहीतर या जन्मात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कादंबरीचं दीड पान झालं होतं. पण यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? आधीचा लॅपटॉप जड होता, मांडीवर घेतला की पायाला मुंग्या यायच्या. मुंग्या आलेल्या पायांनी कोणी प्रतिभावंत झाल्याचं ऐकलंय का? म्हणून हा हलका घेतला, तर हा मंद निघाला. नवीन कोणता घ्यावा याचा मात्र त्याने जिवापाड अभ्यास केला होता. एकशे बारा ओळी, तेवीस रकाने आणि शेवटी टिपा असलेला तक्ता केला होता. गेल्या वर्षभरात त्या घरात पूर्ण झालेलं ते एकमेव लिखाण, असं तो स्वतःही मोकळेपणी कबूल करायचा.

या घरात लॅपटॉप वरून खाली उतरत. लेखकाला नवा आला की त्याचा जुना बायकोला आणि बायकोचा आईला. आईच्या खाली कोणी नव्हतं. म्हणून आईकडे जो डबा होता त्याची बिजागरी दोऱ्याने बांधलेली होती, आणि एक बटण गळालं होतं तिथे तिने शर्टाचं बटण चिकटवलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ती त्यावर पत्ते खेळायची. खेळताना असा खडखडाट, की एकदा लेखकाला ओरडावंच लागलं, "आई, पत्तेच खेळतेस ना? मग एवढी बडवाबडवी कशाला? इथे एक माणूस विचार करतोय!" तेव्हापासून ती बिचारी लॅपटॉपखाली टॉवेलची घडी घालायची.

"ठरलं तर मग!" लेखकाने शेवटी जाहीर केलं. "आजच नवा मागवतो. हा तुला, तुझा आईला, आणि आईचं ते धूड भंगारात. सगळ्यांचीच सोय."

खिडकीशी चाललेली टकटक थांबली.

"नको रे बाबा," आई म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत तरी माझा काढू नकोस. मधेच दुसरा आला की हात अडखळतो. आता एकच प्रकरण राहिलंय."

"कसलं प्रकरण?"

बायकोने लाल पेन खाली ठेवलं आणि गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. वरच्या चार उत्तरपत्रिका सोडल्या तर खाली सगळी छापलेली पानं होती, आणि त्यात तिने जागोजागी चुका दुरुस्त केल्या होत्या. "सांगून टाका आई आता," ती म्हणाली.

"अरे, तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते मी. घंटी वाजली की हात जातोच," आई म्हणाली. "तुझे प्रकाशक फोन करायचे, तू काही उचलायचा नाहीस. मग ते घरच्या फोनवर करायचे आणि मी आपली सांभाळून घ्यायची. आज त्याची पाठ धरलीय, आज वीज गेलीय, आज त्याचा लॅपटॉप अकरा सेकंद घेतोय. दर वेळी नवं काहीतरी. एकदा ते इतके हसले, इतके हसले! म्हणाले, बाई, त्याचं राहू द्या, हे सगळं तुम्हीच लिहून काढा."

"मग?"

"काढलं. दोनशे दहा पानं झालीत."

लेखकाला राग आला, मग लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त हेवा वाटला. त्याने छापलेल्या पानांतलं वरचं उचललं. दोन ओळी वाचून त्याला हसू फुटलं, तिसऱ्या ओळीला ते मावळलं. त्या ओळीत एक माणूस घड्याळ लावून लॅपटॉपसमोर बसला होता.

"आई, हा मी आहे?"

"छे रे, नाव बदललंय की!" आईने चष्मा पुसला. "आणि माणूस वाईट नाही तो. मला तर फार आवडतो. लिहील एक दिवस, असं मला पहिल्या पानापासून वाटतंय."

लेखकाच्या समोर पडद्यावर नवीन लॅपटॉप झळकत होता. त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट 'मागवा' या शब्दावर तसंच राहिलं होतं.

आईने चष्मा डोळ्यांवर चढवला, टॉवेलची घडी नीट केली आणि बटणांवर हात ठेवून विचारलं, "शेवटच अडलाय बघ माझा. तो नवीन लॅपटॉप घेतो, की लिहायला बसतो? तू करशील तसं लिहिते."