पुंजारामचं तेल

दिलावरनं नख लावलं, जोर केला, दातओठ खाल्ले. पण पातं काही मुठीतून बाहेर येईना. तिसऱ्या खेपेला नख मात्र तुटलं.

समोरच्या दुकानात खट् असा आवाज झाला. पुंजारामचा चाकू उघडला होता. एका बोटानं! मिटला. परत खट्. हा मेला मुद्दाम ऐकवतोय, दिलावरला वाटलं.

भिंगारच्या बाजारात मिटते चाकू करणारे हे दोघेच. लढाईचे दिवस होते. कॅम्पातल्या साहेबानं दोघांनाही निरोप धाडला होता: पलटण पावसाळी मुलखात निघाली आहे, सोमवारी दहा-दहा चाकू आणून द्या. आठ दिवस ते ओल्या पोत्यात राहतील. ज्याचे गंजणार नाहीत आणि सहज उघडतील, त्यालाच कॅम्पाचं पुढचं सगळं काम.

धारेत दिलावरचा हात धरणारं नगरपर्यंत कुणी नव्हतं. हे खुद्द पुंजाराम सांगत फिरायचा, आणि त्याचाही दिलावरला रागच यायचा. कारण पावसाळा लागला की दिलावरचे चाकू रुसून बसत. पुंजारामचे मात्र, गेली दोन वर्षं, भर श्रावणातही लखलखीत!

एकदा त्यानं मन मारून विचारलंही होतं.

"काय घालतोस रे सांध्यात?"

"त्याल."

"कसलं?"

"चांगलं," पुंजाराम म्हणाला आणि उगाच मिशीत हसला.

ते हसू दिलावरच्या काळजात रुतून बसलं होतं. चांगलं म्हणे!

तेव्हापासून त्यानं काय काय करून पाहिलं! करडईचं तेल घातलं, तर चार दिवसांत त्याचा डिंक झाला. खोबरेल थंडीत थिजलं. खाजाभाई शिंप्याकडून मशीनचं तेल आणलं. चाकू उघडायला झकास, पण ओल्या फडक्यात एक रात्र ठेवला नि पात्यावर गोवर उठल्यासारखे तांबडे ठिपके. चरबी लावली, तर उंदरांनी मुठीच कुरतडल्या.

"चहा," हमिदानं हाक दिली. ती दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच उभी होती. तिची जागा तीच. बाईचा हात लागला की पातं गंजतं, असं दिलावरचे अब्बा सांगायचे. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात हमिदानं हौसेनं एक चाकू पुसून, तेल लावून ठेवला होता. दिलावरनं तो तिच्यासमोर भट्टीत टाकला. त्यानंतर तिनं उंबरा ओलांडला नाही.

"पुंजारामच्या दुकानातून कापराचा वास येतो," बशीत चहा ओतता ओतता तो म्हणाला.

"आरती करत असतील."

"दिवसभर?"

त्यानं उंबऱ्यावर ठेवलेली रिकामी बशी हमिदानं उचलली आणि ती घरात गेली.

दुसऱ्या दिवशी हिवऱ्याचे आप्पासाहेब धार लावायला आले. त्यांच्या खिशात पुंजारामचा चाकू होता. दिलावरनं तो नाकाशी धरला मात्र, आणि त्याचे डोळेच चमकले. कापूर! आरतीबिरती काही नाही, वास थेट सांध्यातून येत होता.

पण लढाईमुळे बाजारात कापराची एक वडी मिळेना. तो धावत घरी आला. हमिदाच्या कपड्यांच्या पेटीत कापराची पुरचुंडी असायची. त्यानं पेटी उपसली. पुरचुंडी होती. आत काहीच नव्हतं.

"कापूर कुठाय?"

"उडून गेला असेल. कापूरच तो."

ती गुरुवारच्या गडबडीत होती. दर गुरुवारी डबीभर तेल घेऊन ती दर्ग्यावर दिवा लावायला जायची. परसातल्या एरंडाच्या बिया, तेलही तिनंच काढलेलं.

"तुझा दिवा पेटतोय," दिलावर कडवटपणे म्हणाला, "इथं माझ्या धंद्याचा विझत आलाय. माझ्यासाठी दुवा तरी माग."

"दर वेळी मागते," हमिदा म्हणाली, आणि डबी ओढणीखाली घेऊन निघाली.

रविवारी दुपारी पुंजारामनं आपले दहा चाकू फडक्यात बांधून ठेवले आणि तो मागच्या खोलीत भाकरी खायला बसला. दिलावर रस्ता ओलांडून आत शिरला. फळीवर पितळी डबी होती. झाकण उघडलं, कापराचा भपकारा आला. आतून पुंजारामच्या बायकोचा, रतनबाईचा, आवाज आला, "कोन हाय?" दिलावरनं डबी कोटात घातली आणि तो सटकला.

संध्याकाळी त्यानं स्वतःच्या दहाही चाकूंना ते तेल दिलं. खट्! एका बोटानं!

आठ दिवसांनी साहेबासमोर पोतं सोडलं. वीसच्या वीस चाकू चकचकीत, वीसही लोण्यासारखे उघडले. मग साहेबानं धार पाहिली, आणि काम दिलावरला दिलं.

"गंज लागत नाही, हे कसं?" साहेबानं विचारलं.

"घराण्याची रीत आहे, साहेब." दिलावरची छाती वीतभर फुगली. "आमच्यात पात्याला बाईचा हात लागू देत नाहीत."

मग त्यानं हळूच पुंजारामकडे पाहिलं. दोन वर्षं आपण जळलो, आता याची पाळी! पण पुंजारामचा चेहरा जळका दिसेना. उलट तो तसाच, मिशीत हसत होता. दिलावरच्या तोंडातली साखरच गेली.

परतताना पुंजारामनं त्याला वेशीपाशी गाठलं.

"दिलावरभाई, कापराचा वास येतोय तुमच्या चाकवांस्नी."

"मग? कापूर काय तुझ्या एकट्याचा आहे?"

"न्हाई बा. डबी न्हेली त्याचंबी काय न्हाई." पुंजारामनं आजूबाजूला पाहून आवाज उतरवला. "फकस्त घरी गेल्याव हमिदावैनीस्नी सांगा, ह्या गुरवारी एकाच्या जागी दोन डब्या भरा म्हनावं."