शेजारची भिंत

दिपमालाने पुन्हा डावीकडे पाहिलं. हितेंद्र सरांच्या भिंतीवर नदी आली होती. तिच्या नदीहून रुंद, आणि पाण्यावर सोनेरी ऊन.

धुळ्यात महामार्गालगतच्या लांबलचक कंपाउंडवर चित्रांची स्पर्धा भरली होती. विषय होता 'आपला खान्देश'. प्रत्येकाला भिंतीचा एक तुकडा मिळाला, आणि चिठ्ठ्या काढताना दिपमालाच्या शेजारी नेमके हितेंद्र सर आले. जळगावचे चित्रकला शिक्षक. गेल्या खेपेला पहिला नंबर त्यांचा, त्याच्या आधीही त्यांचाच. ती शिरपूरची, लग्नघरांच्या भिंतींवर नवरा-नवरीची नावं आणि मोर काढणारी. या वेळी नंबर आला नाही तर ब्रश ठेवून दिराच्या दुकानात बसायचं, असं ती घरी कबूल करून आली होती.

येताना तिच्या डोक्यात एकच चित्र होतं. बाजेवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घालणाऱ्या बाया. पहिल्या सकाळी तिने बाज काढलीसुद्धा. मग शेजारी पाहिलं. तिथे केळीची बाग उभी राहत होती, पान न् पान आता हलेल असं. तिला आपली बाज दरिद्री वाटली. तिने ती पुसली आणि केळी काढल्या. त्या सरांसारख्या होईनात, म्हणून मागे नदी घातली.

आणि आता सरांचीही नदी. तिने घाईघाईने आपली नदी रुंद केली, वर सूर्य टाकला. जेवून परत येते तो सरांच्या भिंतीवर सूर्य. मोठा, लालभडक. हा माणूस आपल्याला खेळवतोय, तिला वाटलं. ज्या नातेवाइकांकडे उतरली होती तिथे संध्याकाळी ती अर्ध्या ताटावरून उठली.

शेवटच्या दिवशी रस्त्याने जाणारी एक म्हातारी थांबली. डोक्यावरचं गाठोडं सावरत दोन्ही भिंतींकडे कौतुकाने बघत राहिली.

"हाई बठ्ठं एकच माणूसनी काढेल शे का वं माय?"

"नाही आजी. दोघांनी."

"मंग तुनी भित कोनती?"

दिपमालाने बोट उचललं. ते तसंच राहिलं. इकडे केळी, नदी, सूर्य. तिकडे केळी, नदी, सूर्य. म्हातारी हसून निघून गेली. इतके दिवस ती हरायला भीत होती. पण ही भिंत जिंकली असती, तरी तिच्यावर दिपमाला कुठे होती?

तिने पांढऱ्या डिस्टेंपरची बादली ओढली आणि सूर्यावर रोलर फिरवला.

"बाई, वेडी झाली का?" पलीकडून कोणीतरी ओरडलं. "परीक्षक येतील ना आता!"

तरी तिने नदी पुसली, केळी पुसल्या. उन्हाने भिंत बघता बघता सुकली. तिने बाज काढली. बाजेशी वाकलेली आपली आई काढली, पदर खोचलेली, कोपरापर्यंत पिठाने माखलेली. मग मावशी. मावशी कशालातरी हसत होती, म्हणून आईही हसायला लागली. भीती गेली नव्हती, पण हात आता थांबत नव्हता. दिपमालाने एकदाही डावीकडे पाहिलं नाही.

कंपाउंडच्या टोकाला परीक्षकांची गाडी थांबली. तिसऱ्या बाईचा चेहरा अजून बाकी होता. तेवढ्यात मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं.

हितेंद्र सर होते. कपाळावर घाम, चेहरा पांढराफटक. त्यांच्या हातातला ब्रश कोरडा पडला होता.

"ताई, तुम्ही सगळं पुसलंत," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता मी कोणाकडे बघून काढू?"