पान बेचाळीस

संगणकाच्या पडद्यावर एक्केचाळीसच्या पुढे थेट चव्वेचाळिसावं पान आलं. सुधाकरने मागे जाऊन पुन्हा पुढे नेलं. गेले तीन दिवस तो हेच करत होता. आज समोर सहदेव आणि त्याची मुलगी पायल बसली होती, म्हणून त्यांच्यादेखत आणखी एकदा केलं.

सहदेव नांदुऱ्याला धान्याच्या बाजारात मापारी होता. पायलला राखीव जागेवर नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि जात पडताळणी समितीपुढे शुक्रवारी तिची शेवटची तारीख होती. समितीला १९५०च्या आधीचा पुरावा हवा होता. त्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस सहदेवच, त्यामुळे शाळेचा जुना दाखला कुणाचाच नव्हता. होती ती एकच ओळ. गावच्या कोतवालाने जन्म-मृत्यू लिहून ठेवलेल्या पुस्तकात, बेचाळिसाव्या पानावर, सहदेवच्या वडिलांच्या जन्माची.

डिसेंबरात सहदेव त्या ओळीची नक्कल मागायला आला होता. तालुक्याच्या या कचेरीत अभिलेखागार सुधाकरच्याच ताब्यात. त्याने पुस्तक काढलं, पान शोधलं, ओळीवर बोट ठेवून वाचूनही दाखवली. पण तेव्हा कचेरी पर्यावरणस्नेही करायचं नुकतंच ठरलं होतं. दारात कुंड्या आल्या होत्या, टेबलांवर काचेच्या बाटल्या आल्या होत्या, झेरॉक्स बंद झालं होतं. सगळे जुने कागद स्कॅन होणार होते. सुधाकरनेच सहदेवला थांबायला सांगितलं. महिनाभरात घरबसल्या मोबाइलवर नक्कल मिळेल, उगाच कागद कशाला, असं म्हणाला. सहदेव त्याचे आभार मानून गेला होता.

स्कॅन करणाऱ्याकडून दोन पानं एकदम उलटली गेली असावीत. जुनी पानं चिकटतात. प्रत्येक पान तपासल्याच्या दाखल्यावर सही सुधाकरची होती. त्याने प्रत्येक पुस्तकाचं पहिलं आणि शेवटचं पान पाहिलं होतं. बाकीचं पाहायला एका माणसाला वर्ष लागलं असतं, आणि त्याला पंधरा दिवस मिळाले होते. पुस्तकं खरं तर जपून ठेवायची होती. पण स्कॅन झालेल्या कागदांच्या रद्दीत कोतवाली पुस्तकांचाही एक गठ्ठा गेला आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. एप्रिलमध्ये ट्रक भरून कागद कारखान्यात गेला. सुधाकरने परवा तिथे फोन लावला होता. पलीकडच्या माणसाने नीट चौकशी करून सांगितलं, की त्या मालाचा केव्हाच लगदा झाला.

हे सगळं त्याने सहदेवला सांगितलं. काही लपवलं नाही. तहसीलदार साहेबांकडे दोनदा जाऊन आलो, तेही सांगितलं. साहेबांनी समितीला पत्र द्यायची तयारी दाखवली होती, पण पुस्तक उपलब्ध नाही एवढंच त्यात लिहिता येणार होतं.

सहदेवने आवाज चढवला नाही. चढवला असता तर सुधाकरला बरं वाटलं असतं.

"साहेब, तुमी तं वाचली होती ना ते ओळ?"

"हो. वाचली होती."

"मंग तुमीच लिहून द्या. काय होतं त्यात ते लिवा अन् खाली सही करा."

"माझ्या लिहिण्याले तिथं कोणी विचारत नाही, सहदेवभाऊ. पुस्तक पाहिजे."

सहदेवने मान हलवली. हे उत्तर त्याला आधीच माहीत असावं. तो पडद्यावरच्या चव्वेचाळिसाव्या पानाकडे पाहू लागला. त्यावर दुसऱ्याच घरांची माणसं जन्मली होती. मग तो म्हणाला, "आठवते का तुमाले?"

सुधाकरला आठवत होती. गेल्या तीन रात्री ती त्याच्या डोक्यातून गेली नव्हती.

"मंग एक डाव म्हणा. हिनं नाही ऐकली."

 पुस्तकातली भाषा जशी होती तशीच सुधाकरने म्हटली. "तारीख नऊ मार्च एकोणीसशे एक्केचाळीस. सोनाजी, जात महार, यास मुलगा झाला. नाव इंद्रभान."

पायल खाली मान घालून ऐकत होती. 

"आईचं नाव नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही. आईचं लिहीत नसत तेव्हा."

ती उठली. तिने वडिलांच्या दंडाला हात लावला, तसा सहदेवही उठला. समितीकडे वेळ वाढवून मागता येईल, सुधाकरने सांगितलं. अर्ज मात्र ऑनलाइनच करावा लागेल. सहदेव हो म्हणाला. दारापर्यंत जाऊन तो वळला आणि त्याने सवयीने हात जोडले. सुधाकर अर्धवट उठला, पण त्याला हात जोडणं जमलं नाही.

ते गेल्यावर तो खुर्चीत बसून राहिला. पडदा विझला. अभिलेखागाराला खिडकी नव्हती. भिंतीला लागलेले रॅक आता रिकामे होते, आणि वीज वाचावी म्हणून छताला नवे दिवे बसवले होते. कुणी हललं नाही, की ते आपोआप बंद होत.

थोड्या वेळाने खोलीत कुणी नाही असं धरून दिवे बंद झाले. सुधाकरने ते लावण्यासाठी हात हलवला नाही.