अडीचशेच्या पुढे

धाकटा भाऊ परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन गॅरेजमध्ये आला तो भांडायच्या तयारीनेच. कारखान्यातूनच तिच्या वेगाला अडीचशेची मर्यादा घातलेली होती आणि ती त्याला काढून हवी होती.

"ती उगाच घातलेली नसते रे," थोरला म्हणाला. गॅरेज त्याचं होतं.

"जन्मभर दुसऱ्यांच्याच गाड्यांखाली झोपलास तू, दादा. तुला काय कळणार वेग!"

ते थोरल्याच्या जिव्हारी लागलं. 'मर मग,' असं मनात म्हणत त्याने लॅपटॉप गाडीला जोडला, मर्यादा काढून टाकली आणि गाडी बंद केली.

"झालं तुझ्या मनासारखं."

तेवढ्यात वेगाचा काटा हलला आणि वर चढू लागला. चाकं जागच्या जागी होती, किल्ली थोरल्याच्या हातात होती.

"बघ, कशी उतावीळ झालीय!" गाडीशेजारी उभा असलेला धाकटा हसला.

मग त्याचे केस मागे उडायला लागले. दारं-खिडक्या बंद होत्या, भिंतीवरचं कॅलेंडर हलतही नव्हतं. पण धाकट्याचा शर्ट छातीला चिकटला. डोळ्यांतलं पाणी गालांवर न ओघळता सरळ कानांकडे गेलं. हसू ओठांवरच ताणलं गेलं.

"दादा, थांबव."

थोरल्याने बॅटरीची वायर उपसून काढली. काटा अडीचशेच्या पुढे गेला.

थोरल्याने धावत जाऊन भावाचा हात घट्ट धरला. धाकटा त्याच्या अगदी समोर होता, पण त्याची पुढची हाक खूप लांबून आली.