नळीतला तिसरा आवाज

बाबा गेल्यापासून त्यांची जुनी गाडी नुसती खोकत होती. "आज धड चालली तर ठेवू, नाहीतर देऊन टाकू," असं जाहीर करून आई काळा चष्मा लावून गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसली.

इंजिनाला दोन कार्बोरेटर, आणि दोन्हींनी सारखीच हवा ओढायला हवी. बाबा रबरी नळीचं एक टोक कानात धरायचे, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि आवाज ऐकत स्क्रू फिरवायचे. दोन्ही आवाज जुळले की खुशीत शीळ घालायचे.

मीही तेच केलं. पहिल्यातून भरदार 'स्स्स' येत होता, दुसऱ्यातून रडका. स्क्रू केसभर फिरवला, ऐकलं, पुन्हा फिरवला. अखेर दोन्ही तंतोतंत जुळले आणि इंजिन एका लयीत गाऊ लागलं.

"जमलं गं बाई!" आईने टाळ्या पिटल्या, बॉनेट धाडकन बंद केलं आणि लहान मुलीसारखी धावत जाऊन ती गाडीत ड्रायव्हरशेजारच्या आपल्या जागेवर बसली.

मी हसत सुटले. नळी अजून माझ्या कानातच होती, दुसरं टोक हवेत लोंबकळत होतं. तरीही आत 'स्स्स' चालूच होता, त्या दोन्ही आवाजांशी अगदी जुळणारा.

मी ते टोक खिडकीतून ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटपाशी नेलं. आवाज वाढला, थांबला आणि नळीतून शीळ आली.

"किती वेळ लावलात हो," आई त्या सीटकडे बघून लाजत म्हणाली.

क्लचचं पेडल हळूच खाली गेलं.